इकडची काडी तिकडे

चौतीस वर्षं सालेर्नोच्या बंदरात मी क्रेन चालवली,
बारा-बारा टनांचे कंटेनर
जहाजातून उचलून धक्क्यावर अलगद टेकवले.
घरात मात्र इकडची काडी तिकडे केली नाही.
हे वाक्य एर्सिलियाचं. आल्यागेल्याला ऐकवायची.
तेव्हा तिच्याकडे वाक्यं होती.

आज टेबलावर दीडशे काड्या आहेत,
बांबूच्या, वीतभरही नसतील,
आणि वरच्या मजल्यावरच्या फियामेत्ताच्या बाळाचा
दुपारी बाप्तिस्मा.
"तुम्ही कशाला त्रास घेता?" फियामेत्ता म्हणाली होती.
एर्सिलियानं टेबलावर तळवा आपटला. डावा.
म्हणजे, आपण करणार.

कृती सोपी आहे, लहान पोरही करेल.
बोराएवढा टोमॅटो,
मोझरेलाची गोळी, पाणी निथळलेली,
दोघांच्या मध्ये बेसिलचं पान, घडी घालून,
पुन्हा टोमॅटो.
सोपी, म्हणजे दोन हात असले तर.

थेरपीवाल्या मुलीनं मणी आणले होते,
रंगीत, प्लास्टिकचे, आणि एक दोरी.
एर्सिलियानं मण्यांकडे पाहिलं, मग मुलीकडे,
आणि अख्खी वाटी खिडकीतून खाली ओतली.
दोन्नारुम्माच्या जिन्यात
अजून एखादा निळा मणी चपलेखाली येतो.

टोमॅटो तिनं फेकला नाही.
उजवी मूठ फेब्रुवारीपासून अर्धीच उघडते.
त्या अर्ध्या मुठीत मी टोमॅटो ठेवतो,
डाव्या हातानं ती काडी आणते.
पहिला निसटून फ्रिजखाली जातो.
दुसरा फुटतो, बिया माझ्या चष्म्यावर.
तिसऱ्यात काडी शिरते, तिरकी,
आणि ती माझ्याकडे बघते,
मी कधी कंटेनर टेकवून खाली बघायचो, तशी.

मग मोझरेला. मग म्हणते, "मंगळवार."
मी कॅलेंडर बघतो. आज रविवार.
"मंगळवार," जरा चिडून,
"मंगळवार दे ना!"
आणि हनुवटी कुंडीकडे.

शब्द गेलेले नाहीत, डॉक्टर म्हणाले होते,
त्यांनी जागा बदलल्यात.
मीठ झालंय गाडी. चमचा झालाय पूल.
आणि मी झालोय "अरे".
नशीब माझं, ते आधीही तसंच होतं.

मी मंगळवार खुडतो.
धुतो, फडक्यानं टिपतो, एकेक पान तिच्यापुढे ठेवतो.
पान फाडायला गेलो, मनगटावर चापट.
गाडी आधीच शिंपडायला गेलो, आणखी एक.
गाडी वाढताना. नाहीतर पाणी सुटतं.
ओरेगॅनो चिमूटभर, तेलही तेव्हाच.
इतक्या वर्षांत हे कुणी मला सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल,
मी पेपर वाचत असेन.

साडेअकराला माझ्या एकशे चौदा,
तिच्या एकोणीस.
माझ्या सरळ, धक्क्यावरच्या रांगेसारख्या.
तिच्यातल्या एकीवर तीन टोमॅटो, चीजचा पत्ता नाही,
एकीवर नुसती पानं,
एकीचं टोक गोळीच्या कुशीतून बाहेर.
दुरुस्त कराव्यात म्हणून हात पुढे केला,
तर तिनं काडी माझ्या छातीवर रोखली.
थरथरत होती काडी. नेम पक्का होता.

त्या एकोणीस ताटाच्या मधोमध ठेवल्या.

वर गर्दी, बाळ रडून रडून लाल.
फियामेत्ताच्या भावानं, इव्होनं, नेमकी
पानांचीच काडी उचलली, तोंडात घातली,
डोळे मिटून विचारलं, "यात आहे काय?"
"मंगळवार," मी म्हणालो.
सवयच लागली होती सकाळपासून.

"बेसिल," एर्सिलिया म्हणाली.
लख्ख. वैतागून.
इतका साधा शब्द या माणसाला येत नाही, अशा सुरात.

कुणी काही बोललं नाही. बाळसुद्धा.
मग तिनं रिकाम्या ताटाकडे बोट केलं.
"पूल," म्हणाली.
मी उठलो, लगबगीनं चमचा आणला.

तिला चमचा नको होता.