किरकोळ

दहा शेअर घेतले दोनशे बाराला,
तिसऱ्या आठवड्यात विकले दोनशे साडेसोळाला.
पंचेचाळीस.
पिको मशीनच्या फळीवर खडूनं लिहून ठेवले,
ब्लाउजच्या बाह्यांची मापं लिहिते त्यांच्या शेजारी.
पिग्मीवाला आला तेव्हा त्यालाही दाखवले.
तो म्हणाला, पेढे कुठायत ताई.

रात्री मोबाइलवर कागद आला,
पॅनचा नंबर टाकला की उघडणारा.
सकाळी झेरॉक्सवाल्याकडून काढून आणला,
दोन पानं, दहा रुपये. (तेही धरा हिशेबात.)

उन्हं कलली की मन्मथअप्पा दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात.
उदगीरच्या मोंढ्यात एकतीस वर्षं मुनीम होते,
अजूनही कानावर पेन असल्यासारखी मान धरतात.

"काय मोजाय लालीस गं?"
"कुठं गेले ते बघते, अप्पा."
"वाच. मोठ्यानं."

दलाली, घेताना दहा, विकताना दहा.
"अडत. पुढं."
एसटीटी, दोन आणि दोन.
"हा सरकारचा. नफा हो, तोटा हो, त्याला काय."
स्टॅम्प बत्तीस पैसे, बाजाराची फी तेरा पैसे.
"तोलाई झाली ही."
वर जीएसटी, तीन बासष्ट.
"कापण्यावरबी कापणी?" अप्पा हसले, पुढचा एक दात नाही.
मग डीपी, पंधरा त्र्याण्णव,
शेअर खात्यातून बाहेर काढायचे म्हणून.
"हमाली. एक पोतं असो नाहीतर शंभर, तेवढीच?"
तेवढीच, अप्पा.
"मग दहा पोत्यांसाठी एवढी मोठी गाडी कशाला बोलावलीस?
दलाली खेपेवर आहे, मालावर नाही. खेपा कमी कर."

चव्वेचाळीस गेले.
राहिला एक.

त्यात काल तिमाहीची देखभाल, साडेअठ्ठ्याऐंशी,
म्हणजे तोही नाही, उलट मीच देणं लागते.
खातं उघडून देताना वैजू म्हणाला होता,
फुकट आहे मावशी, एक रुपया लागत नाही.
खोटं नव्हता बोलला.
उघडणं फुकट होतं.
उघडं ठेवणं नव्हतं.

मी कागद चुरगाळायला घेतला, तर अप्पांनी हात धरला.
मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केला, दोनदा,
बोट शेवटच्या ओळीपर्यंत नेलं, परत वर आणलं.
"किरकोळ कुठंय?"
कसलं किरकोळ?
"आमच्या पट्टीत शेवटी असायचं.
अडत, हमाली, तोलाई लिहून झाली की
मालक गादीवरून नुस्ता आकडा सांगायचा,
मी लिहायचो, किरकोळ.
कधी सात, कधी अकरा.
एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही, कशाचं.
नाही, एकानं विचारलं होतं,
औरादकडचा पोरगा, नुकतीच मिसरूड फुटलेली.
मी म्हणलं, लिहिण्याचं."

चहा आला. बशीत ओतला, प्याले नाहीत.
"ह्यात तसली ओळ नाही बघ," म्हणाले,
"पैशापैशाला नाव दिलंय."
कागदाची घडी घातली, चार पदरी,
पट्टीची घालतात तशी,
आणि माझ्याकडे द्यायच्या ऐवजी स्वतःच्या खिशात ठेवली.
मीही मागितली नाही.

दिवेलागणीला तस्नीमबाजी साडी न्यायला आल्या.
पावती फाडली, सवयीनं लिहीत गेले,
फॉल ऐंशी, पिको चाळीस, इतर दहा.
पेन तिथंच थांबलं.
त्यांनी एकशेतीस मोजून पुढं केले होते,
पावती वाचायची त्यांची पद्धत नाही.
अप्पा पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून,
मुद्दाम.

'इतर' खोडून 'दोरा' लिहिलं,
दहाचे पाच केले.
आता पाचाचं नाणं हवं होतं.
गल्ला उचकला, सुयांची डबी उचकली,
बटणांत हात घालून बघितलं.
बाजी म्हणाल्या, राहू दे गं, किरकोळ आहे.
मी म्हटलं, थांबा जरा.
अजून शोधतेय.