हातचा

पुस्तकं सतरा, पोरं एकतीस.
पुस्तकातला देश दोन-चार राष्ट्राध्यक्ष मागेच थांबलेला,
शेवटच्या पानांची कुणी विमानं करून उडवलेली.
शाळा-मंडळाच्या पत्रात एकच ओळ:
यंदाही तरतूद नाही.

मग रात्री मी तळघरात बसते,
कपडे धुवायच्या यंत्राशेजारी,
आमच्या या घळीत नेट तिथेच काय ते धड लागतं,
आणि फुकटचा देश उघडते.
सरकारी दप्तरं, विद्यापीठांचे फोटो,
बंद पडलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे,
पैसा नको, पासवर्ड नको.
फुकट ते पौष्टिक म्हणतात.
असेल. चावायला दात लागतात.

शिरगणती, सन एकोणीसशे दहा.
पश्चिम व्हर्जिनिया, आमचीच काउंटी,
आमचाच ओढा.
ज्या खाणीची आता फक्त पाटी उरलीय
ती या पानावर जोरात चालू आहे.
वर डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग,
खाली स्कॅन करणाऱ्याच्या हातमोज्याचं
निळं बोट चुकून आलेलं.
एकतीस प्रती काढल्या. घरच्या प्रिंटरवर.

पोरांनी पान उलटं धरलं, सुलटं धरलं.
"मॅडम, हे इंग्रजीच आहे ना?"
ड्वेननं अगदी मनापासून विचारलं.
जोडून लिहिलेली अक्षरं या पोरांना
कुणी शिकवलीच नाहीत.
मलाही अर्धीच लागतात,
त्या कारकुनाला माणशी काही सेंट मिळायचे
आणि हात तसाच पळायचा.

शेवटी स्वयंपाकघरातून ओर्फा स्टंपला बोलावलं.
ती आली, कोपरापर्यंत पीठ,
कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला
आणि दूधवाल्याचं बिल वाचावं तशी वाचू लागली:
गुडलो, लेथी. बायको. काळी.
वय एकोणचाळीस.
लग्नाला वर्षं बावीस.
जन्मलेली मुलं, नऊ.
हयात, चार.
वाचता येतं, नाही.
लिहिता येतं, नाही.
आणि थांबली.
पुढची ओळ होती, पण ती थांबली.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, पाच.
प्रश्न विचारलाच नव्हता मी.
सोपी वजाबाकी, हातचासुद्धा लागत नाही,
तरी वर्गात कुणाचा हात वर गेला नाही.

मग टॅबी मलिन्स, जी सप्टेंबरपासून
खिडकीशीच बोलत आलीय:
"लिहिता येत नव्हतं, तर नऊ कुणी सांगितलं?"
तिनंच, मी म्हटलं.
दारात उभी राहून.
"परक्या माणसाला?"
हो.
"आणि त्यानं पाचांची नावं विचारली नाहीत?"
मी पान पाहिलं. रकाना नव्हता.
टॅबीनं समासात पेन्सिलीनं पाच छोट्या रेघा ओढल्या,
खाणीतल्या खांबांसारख्या,
मग त्यांच्यावर एक आडवी.

ओर्फाचे पाव जळले त्या दिवशी.
मुख्याध्यापकांनी विचारलं,
कुठल्या धड्यात होतं हे?
मी म्हटलं, धड्यात नव्हतं.

गृहपाठ दिला, तो मूर्खपणा होता बहुधा:
आपल्या घराची एक ओळ भरा, तेच रकाने.
पोरांनी पिकअप गाड्यांत बसून,
वाचनालयाच्या बंद दाराशी नेट पकडत,
आपापली आडनावं शोधली.
कुणाला पोलंड सापडलं, कुणाला तुरुंग.
ड्वेनला पणजोबांचं नाव तीन प्रकारे चुकलेलं मिळालं,
तो तिन्ही वह्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहून हिंडतोय.

कोल्बीनं काही शोधलं नव्हतं.
त्याच्या कागदावर आईचं नाव,
जोडून लिहिलेलं, ओर्फाला विचारून शिकलेलं,
अडखळत, वेलांटीत वेलांटी अडकवत.
पुढे:
जन्मलेली मुलं, तीन.
हयात, दोन.
आणि कागदावर जिथे रकाना संपतो
तिथे त्यानं स्वतः एक नवा आखला होता,
पट्टी न लावता,
आणि त्यात नाव लिहिलं होतं.

बाकी सगळ्यांना मी गुण दिले.
हा कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.
प्रिंटरची काळी शाई संपलीय.
पगार शुक्रवारी.