पुंता अरेनासहून, उशिरा

रायेन, ती लांब नळीची प्रकाशबंदूक ठेव खाली.
साओ पावलोतल्या पोरांना शोभते ती,
त्यांच्या दाराशीच सर्व्हर.
आपली गोळी अख्खा पातागोनिया तुडवत जाते,
पोचते तेव्हा तिथे
नुसती भिंत.

ही आखूड प्लाझ्मा-पिचकारी घे.
बेढब आहे, जड आहे, पण दारभर पसरते.
माणसावर मारू नकोस,
तो जाणार त्या जागेवर मार.
आणि भरताना उघड्यावर उभी राहू नकोस गं,
काल तशीच तीनदा मेलीस.

चंद्रतळाच्या जिन्यावर पहिली कधी चढू नकोस.
घाई असलेल्याला जाऊ दे पुढे;
त्याच्यावर जो नेम धरेल, तो तुझा.

(हीटरवर तुझे मोजे करपतायत, बघ.)

कुठं शिकलो म्हणतेस?
तुझी आई बोटीवरून फोन करायची,
खालच्या बर्फातून.
मी विचारायचो, जेवलीस का,
आणि उत्तर यायचं मागच्याच प्रश्नाचं.
दोघंही एकदम बोलायचो, एकदम गप्प.
मग मी तिचं वाक्य ओळखून
आधीच हसायला लागलो.
कधी चुकायचो. तेही चालायचं.

चल, भोंगा झाला. हेडफोन नीट लाव.
दार अजून बंद दिसतंय ना?
दाब.