वॉशर गुरुवारी

भांडुपच्या टेकडीला एकशे बारा पायऱ्या.
चाळिसाव्या पायरीला आत्माराम धुरींचं दुकान,
म्हणजे जिन्याखालची पोकळी,
एक बल्ब, एक टेस्टर
आणि पोटं उघडून ठेवलेले मिक्सर.
प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
'सौ. गावकर. आवाज करतो.'
'पाटणकर मास्तर. आवाज करत नाही.'

मी नऊ वर्षांची, आईचं गळकं भांडं घेऊन उभी.
विचारलं, कावळा तारेवर बसतो, त्याला शॉक कसा बसत नाही?
काका दातांत स्क्रू धरून म्हणाले,
एकच तार धरून बसलाय ना, म्हणून.
दुसरीवर पाय ठेवू दे, लगेच खाली येईल.
बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, मग आपले आमदार?
दोन्ही तारांवर पाय, वर चांगले गुटगुटीत.
काकांनी स्क्रू तोंडातून काढला.
त्यांच्या चपला रबराच्या. पुढचा!

हे 'पुढचा' गिऱ्हाइकाला होतं.
मला वाटलं, प्रश्नाला.
म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परत गेले.

काका, मतदानाची शाई साबणाने का जात नाही?
त्यात चांदीचा क्षार असतो गो. कातडीत मुरतो, उजेडात काळा पडतो.
मग जाते कशी?
नख वाढतं, आपण कापतो, संपलं.
आणि आश्वासन?
ते सुती. पहिल्या धुण्यात आटतं.

मोबाइलला कसं कळतं आपण कुठं आहोत?
त्याला नाही कळत. तो अधूनमधून ओरडतो,
मी इथं आहे, मी इथं आहे.
टॉवर ऐकतो.
आपल्याला ऐकू येत नाही ते बरंय.

एवढ्या मुंबईचं पाणी आपल्या भांडुपात साफ होतं,
मग आपल्याच नळाला पहाटे पावणेचारला, वीस मिनिटं?
इथे त्यांनी टेस्टर खाली ठेवला.
पाणी वर चढायला दाब लागतो.
आपल्याकडे दाब कमी.
कुणाचा?
काका हसले नाहीत.
चावीवाला चावी फिरवतो. त्याला साहेब सांगतात.
साहेबांना फोन येतो. फोनला टॉवर लागतो.
आणि टॉवर बघ, आपल्याच डोक्यावर उभा.

मग मी पंख्याचं विचारलं.
एवढा गरगर फिरतो, तरी त्याच्याच पात्यांवर धूळ कशी?
उडून का जात नाही?
काकांनी वर पाहिलं. त्यांच्याही पंख्यावर होती, बोटभर.
म्हणाले, नाही माहीत.
मोठ्या माणसाने असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.
मग त्यांनी कोरी चिठ्ठी घेतली, पेन्सिलीने लिहिलं,
'शलाका मेस्त्री. पंखा. धूळ का.'
आणि खिळ्याला टांगली, मिक्सरांच्या रांगेत.
भांड्याचा वॉशर गुरुवारी मिळेल, म्हणाले.

भांडं गुरुवारी नेलं.
चिठ्ठी राहिली.

आता मी ठाण्याला, चौदाव्या मजल्यावर.
पाणी चोवीस तास. दाब मेंटेनन्सच्या बिलात येतो.
गेल्या महिन्यात रात्री सव्वाअकराला फोन:
मेस्त्रींची शलाका ना? धुरी बोलतोय, भांडुपवरून.
तुझं काम झालंय.
कसलं काम, काका?
अगो, पंख्याचं.
वरच्या चाळीतला एक पोरगा इंजिनिअर झाला, त्याला धरून बसवला.
पात्याला अगदी लागून जी हवा असते ना,
ती पात्याला चिकटून पात्याबरोबरच फिरते.
तिथं वारा नसतोच.
सगळ्या खोलीला वारा, आणि त्याच्या अंगाला...
पुढे खोकला आला, बराच वेळ.
मी आढ्याकडे बघत राहिले.

चिठ्ठी काढू मग?
काढा, म्हटलं. किती झाले?
उत्तराचे काही नाहीत, म्हणाले.
वॉशरचे आठ रुपये अजून यायचेत.