दोन दिवसांचं काम

पहिल्यांदा मी डॉक्टर झालो.
मास्क खाली ओढायचा,
नायिकेच्या आईकडे न बघता म्हणायचं,
"पुढचे चोवीस तास महत्त्वाचे."
मोयऱ्यातला भाड्याचा बंगला. जेवणाच्या खोलीला
हिरवा पडदा लावला की झालं हॉस्पिटल.
तीन वेळा वाक्याच्या ऐन मध्यावर
गल्लीतून पोदेर गेला पों पों करत
आणि साउंडवाल्यानं कपाळाला हात लावला.
चौथ्या वेळी पोदेराचे पाव संपले असावेत.

मग वकील झालो, मृत्युपत्र वाचणारा.
मग रजिस्ट्रार, ज्याच्या टेबलासमोर लग्न मोडतं.
मग इन्स्पेक्टर:
टोपीच्या आत माझ्याआधीच्या कितीतरी कपाळांचा घाम.
नाव कुणालाच नव्हतं. कागदावर लिहिलेलं
डॉक्टर दोन. वकील, लोकल.

मी फोंड्याला वीज खात्यात, मीटर वाचतो.
रजेच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात लिहितो, कौटुंबिक.
खोटं नाही ते.
फक्त कुटुंब दुसऱ्याचं असतं.

देवळाच्या उत्सवात मी राजा असायचो, तिन्ही अंक.
मरायला पहाटेचे चार वाजायचे,
आणि तोवर गुडघ्यावर पोर झोपवून
बायका जाग्या असायच्या, माझ्या मरणासाठी.

इथे मरण आधीच होऊन गेलेलं.
"नायिकेचे दिवंगत बाबा. दोन दिवसांचं काम आहे, सर."
पहिल्या दिवशी एका छोट्या मुलीला सायकल शिकवली.
तिला येत होती; न येण्याचं ती छान करायची.
दुसऱ्या दिवशी फोटो.
कॅमेऱ्यामागचा पोरगा म्हणाला,
"हसा ना, सर. मेलेल्यासारखं नको,
गेलेल्यासारखं."

दोनशे बारा भाग मी भिंतीवर होतो.
पैसे दोन दिवसांचे.
जिच्याशी एक वाक्य बोललो नाही ती मुलगी
माझ्यापुढे येऊन रडायची, बाबा, तुम्ही असता तर.
आणि मी असायचो,
मार्दोळला, ताटावर, हुमणाचा काटा काढत.
सुमेधा म्हणायची, बरं आहे,
साडेसातला रोज घरात दिसतोस तरी.
आई बघायला बसायची नाही.
शीर्षकगीत लागलं की उठून परसात जायची
नारळ मोजायला. काळोखात.

देवळापाशी जायांचे हार विकणारी रुक्मा.
एका शुक्रवारी तिनं मला हटकलं,
"तुज्या फोटोक प्लास्टिकाचो हार?
मार्दोळचो आसून?"
मी म्हटलं, कंटिन्युइटी असते, बाई.
सकाळी ताजी आणि दुपारी सुकलेली फुलं
एकाच प्रसंगात चालत नाहीत.
तिनं सुईत दोरा ओवला.
"सुकूं दी," म्हणाली. "फुलांनी आनी किदें करप?"

मग कथेनं सात वर्षांची झेप घेतली.
भिंतीला नवा रंग आला. मला पुन्हा बोलावलं,
कुरियरवाला, सही घ्यायची, एक वाक्य.
सही करताना नायिकेनं वर पाहिलं नाही.
मी पाहिलं: माझ्याच खिळ्यावर
घड्याळ टांगलं होतं. बंद.
चालू घड्याळ पडद्यावर अडचणीचं असतं,
शॉटमागून शॉटला वेळ बदलते.
निघताना स्पॉटबॉय गुणाजीनं
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं.
"टाकून देणार होते," म्हणाला.

घरी आईनं कागद सोडला.
हार काचेला तारेनं घट्ट बांधलेला.
बोटांनी सुटेना, तेव्हा अडकित्ता घेतला
आणि सुपारी कातरावी तसा कातरला तो,
एकेक फूल. कचऱ्यात न टाकता
चुलीतही न टाकता, नुसता उंबऱ्याबाहेर.
फोटो कपाटाच्या मागे गेला, तोंड भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी साडेसातला
ती हात पुसत येऊन बसली.
"आज तू नाहीस ना त्यात?"
नाही, मी म्हटलं.
"मग लाव."