डाख

मरोळच्या फाटकाबाहेर मुंबई होती,
फाटकाच्या आत, कागदोपत्री, परदेश.
मी रोज आठच्या ठोक्याला
चपला दाराशी काढून परदेशात जायचे.
पासपोर्ट म्हणजे गळ्यातलं पिवळं कार्ड,
त्यावर माझा फोटो, डोळे मिटलेले.

सत्त्याऐंशी साल.
हिरव्या पट्ट्या यायच्या टेबलावर,
त्यांवर काळे किडे बसवायचे,
प्रत्येकाला सोळा पाय,
पट्टी पलटून प्रत्येक पायाला एक डाख.
जास्त झाला तर शेजारच्या पायाला चिकटतो,
कमी पडला तर अमेरिकेत कुणाचं तरी यंत्र
बोलता बोलता गप्प बसतं,
असं पद्मनाभनसाहेब सांगायचे.
मला वाटायचं, बसू दे की थोडं गप्प.

फिलोमिना मिस्किटा माझ्या शेजारी.
तिच्या आजोबांचं भातशेत
याच कुंपणाच्या आत होतं कुठंतरी,
बहुतेक पॅकिंग शेडच्या खाली.
ती म्हणायची, आम्ही गावठाणातले लोक
जागचे न हलता फॉरेनला गेलो.

सुटताना झडती.
अंबाडा सोडून दाखवायचा, डब्याचं झाकण उघडायचं.
केसांत एक किडा राहिला असता
तर ती तस्करी झाली असती,
मरोळ नाक्यापर्यंतची.

वडील तांबाकाट्याला बंबांना डाख द्यायचे.
एकदा जेवताना विचारलं,
तुम्ही बायका बनवता तरी काय तिथं?
मला सांगता येईना.
बंबाला तळ असतो, तोटी असते,
आमच्या पट्टीला फक्त नंबर होता
आणि जहाजाची तारीख.
ते म्हणाले, मग पाणी कशात तापतं?
आणि ताक मागितलं.

एक्याण्णवच्या दिवाळीत श्रीरंगनं
टायपिंगच्या क्लाससाठी संगणक घ्यायचं काढलं.
लॅमिंग्टन रोड, दुसरा मजला, किरीटभाई.
बाहेरून आलेला हवा तर अठ्ठावन्न हजार,
इथं जुळवलेला बत्तीस,
बिल नको असेल तर एकोणतीस.
इथं म्हणजे?
म्हणजे पत्रा कुर्ल्याचा, बटणं तैवानची,
पडदा कोरियाचा, स्क्रू माझे.
श्रीरंग हसला. मी म्हटलं, उघडा.

मी डावखुरी.
माझ्या डाखाला सुटताना एक शेपूट यायचं,
तांदळाच्या कणीएवढंही नाही, उजवीकडे वळलेलं.
त्यावरून पद्मनाभनसाहेब दोनदा ओरडलेले.
किरीटभाईंनी एक पट्टी उपसून हातात दिली,
मागून पाहिलं:
तिसऱ्या रांगेत शेपूट, पाचव्या रांगेत शेपूट.
वर इंग्रजी नाव, देश नाही.
हे कुठून आलं?
सिंगापूरहून, ताई. एकदम ओरिजिनल.

शपथ घेणार नाही.
डावखुऱ्या बायका सिंगापुरातही असतील.
पण घरी येताना वाटत राहिलं,
माझाच हात समुद्र ओलांडून गेला,
जकात भरून परत आला
आणि आम्ही तो उसने पैसे काढून घेतला.
पुढे नऊ वर्षं त्या यंत्रावर
गिरगावातली पोरं 'असदफग' बडवत होती.

आमच्या शेडमध्ये आता हिरे बसवतात.
फिलोमिनाची भाची असते तिथं.
झडती अजून आहे, म्हणते,
फक्त मशीन आलं, केस सोडावे लागत नाहीत.

परवा श्रीरंगचा मुलगा नवा लॅपटॉप घेऊन आला.
आत्या, बघ, भारतात बनलाय!
पालथा करून स्टिकर दाखवलं.
मी चष्मा लावला.
स्क्रू शोधत होते.
अगं, उघडायचा नसतो, वॉरंटी जाते.
बरं, म्हटलं.
तळवा ठेवून पाहिला,
कोमट लागला.
आत कुणी डाख दिला असेल, विचारलं.
तो म्हणाला, आता माणसं देत नाहीत.
बनलाय ना इथं? म्हटलं.
बनलाय म्हणजे, तो जरा थांबला,
जुळवलाय.
किरीटभाई तरी
स्क्रू माझे म्हणाले होते.