बाकी

गंगापूर रोडच्या पुढे, उघड्या माळावर
लाल डब्याशेजारी उभी आहे ट्रॅम,
घोडे नसलेली. रुळांत कुसळं.
पोरं विचारतात, हिचं चार्जिंग कुठे?

पगारेमामा तिकडे बघतही नाहीत.
एसटीत चढतात मागच्या दाराने,
सवयीने डावा खांदा आधी घालून,
आणि खिशातून तीन पावल्या काढून
तिसऱ्या बाकावर ठेवतात.

"वणीच्या गाडीत एक बाई होती.
सुटे नव्हते, तिकिटामागं लिहून दिले.
पिंपळगावला उतरली.
मागितलेच नाहीत तिनं."

रखवालदार खिडकीशी येतो:
"बाबा, दोरीला हात नका लावू,
ती फक्त बघायची आहे."

"बरं," म्हणतात मामा,
आणि ओढतात.
टण् टण्.

ट्रॅममधली पोरं
उड्या टाकून
गाडी पकडायला धावतात.